विश्लेषण : ‘ड्यून’मधला परका नायक आणि नाशिकच्या तरुणांनी वाहून आणलेला लिव्हिंग्स्टन

वाळवंटात आलेला परका माणूस तिथल्या टोळीच्या चालीरीती शिकतो, पाण्याचे मोल जाणतो आणि शेवटी त्याच टोळीचा नायक होतो, ही विज्ञानकथांमधली जुनी आणि लोकप्रिय गोष्ट. ‘ड्यून’ने ती घराघरांत पोहोचवली. प्रत्यक्षात असे परके कोणाच्या आधाराने जगले आणि श्रेय कोणाला मिळाले? डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश प्रवाशाच्या आयुष्यात याचे उत्तर सापडते. त्यांच्या अखेरच्या प्रवासाचा धागा थेट नाशिकच्या शरणपूरपर्यंत येतो.

‘ड्यून’मधली टोळी काय शिकवते?

फ्रँक हर्बर्ट या अमेरिकी लेखकाची ‘ड्यून’ ही कादंबरी 1965 मध्ये आली. 2021 आणि 2024 मधील चित्रपटांमुळे ती नव्या पिढीपर्यंत पोहोचली. अराकिस या कोरड्या ग्रहावर फ्रेमेन नावाचे लोक राहतात. अंगातला घाम गाळून पुन्हा पिण्याजोगा करणारा पोशाख ते घालतात. मेलेल्या माणसाच्या शरीरातले पाणीही टोळीच्या मालकीचे मानले जाते. कोणासमोर थुंकणे हा तिथे अपमान नाही. आपल्या अंगातले पाणी समोरच्याला अर्पण करण्याचा तो मान आहे.

पॉल आट्रायडीस हा सरदारपुत्र वडिलांच्या मृत्यूनंतर आईसह या लोकांत आश्रय घेतो. त्यांच्या रीती शिकतो, नवे नाव घेतो आणि त्यांचा नेता होतो. मात्र हर्बर्ट यांना वीरकथा सांगायची नव्हती. परक्या तारणहाराची वाट पाहण्याची श्रद्धा त्या टोळीत बाहेरच्यांनीच आधी पेरून ठेवलेली असते. 1969 च्या पुढच्या कादंबरीत याच नायकाच्या नावाने झालेल्या युद्धांचा हिशेब मांडला आहे. रीत शिकून घेणे वेगळे आणि त्या लोकांचे होणे वेगळे, हा त्यातला कळीचा मुद्दा.

लिव्हिंग्स्टन कोण होते?

डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा जन्म 19 मार्च 1813 रोजी स्कॉटलंडमधील ब्लँटायर येथे झाला. घरची गरिबी असल्याने दहाव्या वर्षीच ते कापूस गिरणीत कामाला लागले. दिवसभर काम आणि रात्री अभ्यास करत ते डॉक्टर झाले. धर्मप्रसारक म्हणून चीनला जायचा त्यांचा विचार होता. पण तेव्हा अफूचे युद्ध सुरू झाले आणि तो मार्ग बंद झाला. 1841 मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत पोहोचले.

1844 मध्ये माबोत्सा येथे सिंहाने त्यांच्यावर झडप घातली. डाव्या दंडाचे हाड मोडले. मेबाल्वे या स्थानिक सहकाऱ्याने सिंहाचे लक्ष स्वतःकडे वळवले, म्हणून ते वाचले. हाड नीट जुळलेच नाही. तीस वर्षांनी याच मोडलेल्या हाडावरून त्यांची ओळख पटवावी लागणार होती.

टोळीत राहायचे कसे, हे ते कुठे शिकले?

आफ्रिकेत आल्यावर काही काळातच लिव्हिंग्स्टन यांनी एक निर्णय घेतला. सुमारे सहा महिने त्यांनी कोणाही युरोपीय माणसाशी संबंध ठेवला नाही. आजच्या बोट्सवानातील बाक्वेना लोकांमध्ये राहून त्यांनी भाषा, कायदे आणि विचार करण्याची पद्धत शिकून घेतली. पुढच्या सगळ्या प्रवासाचा पाया इथे घातला गेला.

पण भाषा आली म्हणजे समाज कळला, असे झाले नाही. बाक्वेनांचे प्रमुख सेचेले यांनी 1848 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यासाठी एक सोडून बाकीच्या बायकांना माहेरी पाठवणे भाग पडले. ही लग्ने केवळ घरगुती बाब नव्हती. त्यांतून टोळीतली मोठी घराणी एकमेकांशी बांधलेली होती. ती घराणी दुखावली. त्याच काळात सलग दुष्काळ पडला. सेचेले स्वतः पाऊस पाडणारे म्हणून मानले जात. त्यांनी तो विधी सोडला म्हणूनच पाऊस गेला, असे लोकांना वाटू लागले. पुढे सोडलेल्या बायकांपैकी एकीला सेचेले यांच्यापासून दिवस गेल्याचे उघड झाले आणि लिव्हिंग्स्टन यांनी त्यांना चर्चच्या प्रार्थनाविधीतून दूर केले.

एक गोष्ट मात्र लिव्हिंग्स्टन यांच्या बाजूने सांगायला हवी. पाऊस पाडणाऱ्या वैदूशी झालेला वाद त्यांनी आपल्या पुस्तकात मांडला. त्यात वैदूचे म्हणणे त्यांनी हास्यास्पद करून टाकले नाही. वाचकाला दोन्ही बाजू सारख्याच वजनाच्या वाटाव्यात, इतक्या प्रामाणिकपणे तो वाद लिहिला आहे.

कलहारीत पाणी कोणी दिले?

1 जून 1849 रोजी लिव्हिंग्स्टन कोलोबेंगहून निघाले. सोबत विल्यम कॉटन ऑसवेल आणि मंगो मरे हे दोघे होते. कलहारी वाळवंट ओलांडून उत्तरेकडचे न्गामी सरोवर गाठायचे होते. बैलगाड्या, बैल, घोडे आणि माणसे, सगळ्यांना पाणी हवे होते आणि वर जमिनीवर ते कुठेच नव्हते.

पाणी होते ते वाळूखाली, आणि ते कुठे आहे हे तिथल्या लोकांनाच ठाऊक होते. बुशमन आणि बाकालाहारी बायका हातभर खोल खड्डा करत. बोरूच्या नळीच्या टोकाला गवताचा पुंजका बांधून ती खड्ड्यात ठेवत आणि ओली वाळू पुन्हा घट्ट दाबत. मग नळीतून तोंडाने पाणी ओढून शहामृगाच्या अंड्याच्या कवचात सोडत. भरलेली कवचे जमिनीत लपवून ठेवत. वाळूखालचा कठीण थर फोडायचा नाही, फोडला तर पाणी कायमचे निघून जाते, हेही त्यांनीच परक्यांना बजावले. जमिनीखाली लहान मुलाच्या डोक्याएवढे पाणीदार कंद कुठे सापडतात आणि रानटी कलिंगडांवर दिवस कसे काढायचे, हेही ज्ञान त्यांचेच होते.

ही पाण्याची जागा परक्याला सहसा दाखवली जात नसे, कारण बलवान टोळ्या येऊन ती बळकावत. गावात शिरून धाक दाखवला तर पाण्याचा थेंबही दिसत नसे. लिव्हिंग्स्टन यांना हे उमगले. शांतपणे बसायचे, हवापाण्याच्या गप्पा मारायच्या आणि वाट पाहायची. माणसे भली आहेत असे वाटले, की कोणीतरी म्हातारी कुठूनशी पाण्याने भरलेली अंडी आणून समोर ठेवी. हर्बर्ट यांच्या कादंबरीत पाणी हा विश्वासाचा व्यवहार आहे. कलहारीतही तो तसाच होता, फक्त इथे तहान खरी होती.

1 ऑगस्ट 1849 रोजी ते न्गामीच्या काठी पोहोचले. सरोवराचा शोध लावल्याबद्दल लंडनमध्ये लिव्हिंग्स्टन यांचा गौरव झाला. नळीने पाणी ओढून देणाऱ्या बायकांची नावे कुठेच नोंदली गेली नाहीत.

शिकलेले पुरेसे होते का?

नाही. 1851 मध्ये ते पत्नी मेरी आणि लहान मुलांना घेऊन पुन्हा वाळवंटात शिरले. वाट दाखवणारा भरकटला. गाडीतले पाणी एका नोकराने वाया घालवले. उरलेले थोडे पाणी मुलांपुरते राखले, तेही संपत आले. पाचव्या दिवशी दुपारी शोधायला गेलेली माणसे पाणी घेऊन परतली, तेव्हा मुले वाचली. मेरी तेव्हा गरोदर होत्या. पुढच्याच वर्षी लिव्हिंग्स्टन यांनी कुटुंबाला ब्रिटनला पाठवून दिले.

त्यानंतरचा प्रवास त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा ठरला. माकोलोलो लोकांचे प्रमुख सेकेलेतू यांनी त्यांना 27 माणसे, बैल आणि हस्तिदंत दिले. 31 मे 1854 रोजी ते पश्चिम किनाऱ्यावर लुआंडाला पोहोचले, तेव्हा तापाने खंगले होते. ब्रिटिश जहाजाने मायदेशी जाण्याची सोय समोर होती. पण सोबतच्या माणसांना घरी परत पोहोचवण्याचा शब्द दिलेला होता. म्हणून ते उलटे फिरले. वाटेत 16 नोव्हेंबर 1855 रोजी त्यांनी झांबेझीवरचा प्रचंड धबधबा पाहिला आणि त्याला राणी व्हिक्टोरियाचे नाव दिले. स्थानिकांकडे त्याचे स्वतःचे नाव आधीपासून होते : मोसी-ओआ-तुन्या. मे 1856 मध्ये ते पूर्व किनाऱ्यावर पोहोचले. आफ्रिका खंड आडवा ओलांडल्याने ते जगप्रसिद्ध झाले.

पुढची झांबेझी मोहीम मात्र फसली. 1858 मध्ये सरकारी पैसा, आगबोट आणि गोरे सहकारी असा मोठा लवाजमा हाताशी होता. भांडणे झाली, नदीतल्या खडकाळ धारेने वाट अडवली. 27 एप्रिल 1862 रोजी मेरी यांचा झांबेझीकाठी मृत्यू झाला. अखेर ब्रिटिश सरकारने मोहीमच परत बोलावली.

नाशिकशी संबंध कसा आला?

मोहीम गुंडाळल्यावर हातात ‘लेडी न्यासा’ ही छोटी आगबोट उरली होती. ती विकण्यासाठी लिव्हिंग्स्टन यांनी ती स्वतः हाकत झांजिबारहून मुंबईला आणली. 45 दिवसांचा प्रवास करून 13 जून 1864 रोजी ते मुंबईत पोहोचले. सोबत चुमा आणि विकाटानी ही गुलामगिरीतून सुटलेली दोन मुलेही होती. त्यांना मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत ठेवून ते ब्रिटनला गेले. पुढच्या वर्षी नव्या मोहिमेच्या तयारीसाठी ते पुन्हा मुंबईत आले. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचा त्यांना पाठिंबा होता. बोट विकून आलेले पैसे एका बँकेत ठेवले आणि ती बँकच बुडाली.

याच मुक्कामात ते नाशिकला गेले. गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात पकडत असे. सुटका झालेल्या आफ्रिकी मुलांना मुंबईला आणले जाई आणि त्यांतल्या अनेकांना नाशिकच्या शरणपूर वसाहतीत पाठवले जाई. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी 1850 च्या दशकात ही वसाहत उभी केली होती. तिथे मुलांना शाळेबरोबरच सुतारकाम, लोहारकाम असे हुन्नर शिकवले जात. इथल्या नऊ तरुणांनी लिव्हिंग्स्टन यांच्यासोबत आफ्रिकेत जाण्याची तयारी दाखवली. इंग्रजी कागदपत्रांत ते ‘नासिक बॉइज’ म्हणून ओळखले जातात.

हे तरुण आफ्रिकेतच परके का ठरले?

जानेवारी 1866 मध्ये मोहीम मुंबईहून निघाली. मुंबई लष्कराचे 13 शिपाई, नाशिकचे नऊ तरुण, चुमा, विकाटानी आणि आणखी काही माणसे होती. भारतातून नेलेले उंट आणि म्हशीही होत्या. त्से-त्से माशीच्या चाव्यात ती टिकतात का, हे पाहायचे होते. वाळवंटाचे जनावर पूर्व आफ्रिकेच्या दमट रानात शिरले आणि काही महिन्यांत सगळी जनावरे मेली. शिपायांना परत पाठवावे लागले. कोमोरो बेटांवरून घेतलेली माणसे पळून गेली आणि लिव्हिंग्स्टन मेल्याची खोटी बातमी त्यांनी पसरवली.

नाशिकच्या तरुणांची अडचण वेगळी होती. ते जन्माने आफ्रिकी, पण वाढलेले गोदाकाठी. नावे इंग्रजी, सवयी शरणपूरच्या. ज्या मुलखातून त्यांना लहानपणी पळवले होते, तिथेच ते आता पाहुणे होते. त्यांच्यातल्या अब्राहमला याओ लोकांच्या प्रदेशात सख्खा काका भेटला. त्याच्यानंतर त्याची आई आणि दोन बहिणीही गुलाम म्हणून विकल्या गेल्याचे काकाने सांगितले. काकाने राहण्याचा आग्रह केला. आई नाही, बहिणी नाहीत, तर इथे राहायचे कोणासाठी, असा प्रश्न अब्राहमपुढे होता. तो पुढे निघाला. विकाटानीला नातेवाईक सापडले आणि तो मात्र मागे राहिला.

लिव्हिंग्स्टन यांची या तरुणांविषयीची मते नेहमी चांगली नव्हती. आळशी, हळू चालणारे अशा तक्रारी त्यांच्या रोजनिशीत आहेत. अनेक जण साथ सोडून गेलेही. तरी 1871 च्या शेवटी वार्ताहर हेन्री स्टॅन्ले यांनी उजिजी येथे लिव्हिंग्स्टन यांना गाठले, तेव्हा मूळ तुकडीतल्या उरलेल्या मोजक्या माणसांत चुमा, सुसी यांच्याबरोबर नाशिकचा एडवर्ड गार्डनर होता. पुढच्या वर्षी स्टॅन्ले यांनी किनाऱ्यावरून आणखी माणसे पाठवली. त्यांत नाशिकचे सहा जण होते : जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार, बेंजामिन रटन आणि रिचर्ड रटन.

चितांबोच्या गावात काय घडले?

वाळवंट ओलांडलेला हा माणूस शेवटी पाण्यातच अडकला. बांग्वेउलू सरोवराभोवतीच्या दलदलीत, पावसात, अतिसाराने आणि रक्तस्रावाने ते खचले. 1 मे 1873 च्या पहाटे, आजच्या झांबियातील चितांबो यांच्या गावात, ते खाटेशेजारी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मृत आढळले.

साठेक माणसांच्या तांड्यापुढे प्रश्न उभा राहिला. तिथेच पुरून निघून जाणे सोपे होते. त्या भागात परक्याचे प्रेत म्हणजे अपशकुन आणि मोठा दंड. तरीही चुमा आणि सुसी यांच्या पुढाकाराने ठरले, की शव किनाऱ्यापर्यंत न्यायचे. जेकब वेनराइट यांनी सामानाची यादी लिहून काढली.

चितांबो यांच्यापासून मृत्यू लपवायचा बेत होता, पण त्यांना कळलेच. ते रागावले नाहीत. मग तिथल्या रिवाजानुसार रीतसर शोक झाला. चितांबो आपल्या माणसांसह आले, ढोल वाजले, तांड्याने बंदुकीच्या फैरी झाडल्या. पायात खुळखुळणारे वाळे घालून शोकगीत गाणाऱ्या माणसाला मण्यांचा मोबदला दिला गेला. यजमानाचा रिवाज पाळल्याने पुढच्या कामाला मोकळीक मिळाली.

गावाबाहेर कुंपण घालून शवाची तयारी झाली. हृदय आणि आतडी काढून पत्र्याच्या पेटीत ठेवून झाडाखाली पुरली. वेनराइट यांनी प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. शरीरात मीठ भरून ते चौदा दिवस उन्हात वाळवले. मग कापडात, सालीच्या नळकांड्यात आणि वरून शिडाच्या कापडात शिवून डांबर फासले.

शव किनाऱ्यापर्यंत कसे पोहोचले?

सुमारे नऊ महिने आणि दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर पायी. वाटेत उन्यान्येंबे येथे लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीसाठी निघालेले लेफ्टनंट कॅमेरून भेटले. त्यांनी शव तिथेच पुरण्याचा सल्ला दिला. तांड्याने तो मानला नाही.

पुढे कासेकेरा येथे लोकांनी प्रेत नेण्यास विरोध केला. भांडण न करता तांड्याने माघार घेतल्याचे दाखवले. रात्री खरे शव कापडाच्या साध्या गठ्ठ्यासारखे बांधले. ज्वारीसारख्या धान्याची ताटे कापडात गुंडाळून प्रेतासारखे दुसरे गाठोडे केले. सहा माणसे ते घेऊन सर्वांदेखत परत निघाली. रानात गेल्यावर त्यांनी ताटे फेकून दिली आणि वेगवेगळ्या वाटांनी तांड्याला येऊन मिळाली. एका गावाने रिवाज पाळून घेतला, दुसऱ्या गावात रिवाजाला वळसा घालावा लागला. कुठे काय करायचे, हे या माणसांना कळत होते. फेब्रुवारी 1874 मध्ये ते किनाऱ्यावर बागामोयोला पोहोचले.

श्रेय कोणाला मिळाले?

तिथे बहुतेकांना पगार देऊन निरोप दिला गेला. शवासोबत इंग्लंडला गेले ते फक्त जेकब वेनराइट, तेही चर्च मिशनरी सोसायटीने भाडे भरले म्हणून. लंडनमध्ये डाव्या दंडाच्या न जुळलेल्या हाडावरून ओळख पटवण्यात आली. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफनविधी झाला. शवपेटीसोबत चालणाऱ्या आठ मानकऱ्यांत स्टॅन्ले यांच्याबरोबर शरणपूरचे वेनराइट होते. चुमा आणि सुसी अंत्यविधीनंतर पोहोचले. लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या रोजनिश्या छापण्याच्या कामी त्यांनी सांगितलेले तपशील उपयोगी पडले.

रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने तांड्यासाठी खास पदके पाडली. तोवर माणसे पांगली होती आणि अनेकांच्या हाती ती पडलीच नाहीत. अ‍ॅबीतल्या शिळेवर निष्ठावान हातांनी शव आणल्याचा उल्लेख आहे. ते हात कोणाचे, हे मात्र तिथे लिहिलेले नाही.

लिव्हिंग्स्टन यांनी ज्या गुलामव्यापाराविरुद्ध लिहिले, त्याचा झांजिबारचा बाजार त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे महिन्याभराने, जून 1873 मध्ये बंद झाला. त्या वाटाघाटींसाठी फ्रिअर यांनाच पाठवले गेले होते. नाशिकच्या आफ्रिकी वसाहतीतले बरेच लोक 1874-75 च्या सुमारास मोंबासाजवळच्या फ्रिअर टाउनला गेले आणि ती नवी वस्ती उभारण्याचे काम प्राइस यांनीच केले. वेनराइट यांचा 1892 मध्ये आजच्या टांझानियात मृत्यू झाला. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात 1935 पर्यंत हयात होते.

‘ड्यून’मध्ये पॉलचे नाव सगळ्यांच्या तोंडी राहते आणि त्याला पाणी पाजणाऱ्या फ्रेमेनांची गर्दी होते. लिव्हिंग्स्टन यांच्या बाबतीतही फार वेगळे झाले नाही. फरक इतकाच, की इथे त्या गर्दीतल्या काहींची नावे कागदावर उरली आहेत. नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज हजारो माणसे जातात. शरण आलेल्यांचे गाव असा अर्थ सांगणाऱ्या त्या नावामागे जेकब वेनराइट, एडवर्ड गार्डनर आणि अब्राहमही आहेत.